चौतीस बंदरांची बोट

घरातला ॲटलास काढा पाहू. युरोपचं पान उघडा आणि नजर अगदी वर न्या. स्वीडनच्या डाव्या अंगाला चिकटून एक लांबोडका देश दिसतो ना, तो नॉर्वे. त्याचा किनारा पाहिलात? वहीची कड उंदरांनी रात्रभर कुरतडावी तसा! कुठे समुद्र डोंगराच्या पोटात खोलवर शिरलेला, कुठे डोंगर थेट पाण्यात उतरलेला आणि सगळीकडे बेटांचा चुरा सांडलेला.

आता पेन्सिल घ्या. (ॲटलास ताईचा असेल तर रेघ हलकी काढा.) खालच्या बाजूला बर्गन नावाचं शहर शोधा. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वर वर जात, देशाच्या डोक्याला वळसा घालून पार रशियाच्या शेजारी किर्कनेस गाठा. एवढा प्रवास आज आपण बोटीने करणार आहोत. घाई मुळीच करायची नाही. विमानाने हे अंतर काही तासांचं आहे. आपल्या बोटीला सहा रात्री लागतात, कारण ही बोट दोन्ही टोकं धरून चौतीस बंदरांना लागते! कुठे चार तास, कुठे नुसती पंधरा मिनिटं. एखाद्या बंदरात ती पहाटे तीनला शिरते, चार खोकी उतरवते, दोन माणसं घेते आणि आपण गाढ झोपेत असतानाच पुढे निघूनही जाते.

या बोटसेवेचं नाव हुर्टिगरुटन. अर्थ काय ठाऊक आहे? जलद मार्ग! आता बोटीचा वेग साधारण ताशी अठ्ठावीस किलोमीटर. रस्त्यावरचा तरबेज सायकलवाला तिच्याशी शर्यत लावू शकेल. मग हिला जलद कोण म्हणालं? त्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षं मागे जावं लागेल.

अंधारात बोट हाकणारा कप्तान

१८९३च्या आधी नॉर्वेच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या माणसांचे हाल विचारू नका. ट्रॉन्डहाइम शहरातून हॅमरफेस्टला पत्र टाकलं तर उन्हाळ्यात ते तीन आठवड्यांनी पोचायचं आणि हिवाळ्यात पाच महिनेही लागायचे! म्हणजे दिवाळीचं भेटकार्ड गुढीपाडव्याला मिळावं, तसं. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. होता तो समुद्र. पण हिवाळ्यात तिथे दिवसचे दिवस सूर्य उगवत नाही. पाण्याखाली खडक, वर बर्फाची वादळं आणि ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेला सगळी मिळून अठ्ठावीस दीपगृहं. नकाशेही धड नव्हते.

सरकारने मोठ्या आगबोट कंपन्यांना विचारलं, "बारा महिने, ठरलेल्या वेळी बोट चालवाल का?" त्यांनी कानावर हात ठेवले. हिवाळ्याच्या अंधारात रात्री बोट हाकायची म्हणजे वेडेपणा, असं त्यांचं मत. तुम्हीआम्हीही तेच म्हणालो असतो.

"चालवतो" म्हणाला तो स्टॉकमार्कनेस नावाच्या छोट्या गावातला रिचर्ड विथ हा कप्तान. तो काही उगीच छाती ठोकणारा नव्हता. तो आणि त्याचा वाटाड्या आंदेर्स होल्टे बरीच वर्षं एक काम चिकाटीने करत होते. बोट जिथून जाईल तिथली होकायंत्राची दिशा, वेग आणि लागलेला वेळ ते टिपून ठेवायचे. या टोकापासून अमुक दिशेला इतकी मिनिटं, मग वळायचं, मग पुन्हा इतकी मिनिटं. डोळ्यांना काही दिसलं नाही तरी वही आणि घड्याळ वाट दाखवणार! बाकीच्यांच्या नजरेला जिथे अंधार होता, तिथे या दोघांपाशी पाढ्यांसारखा पाठ झालेला रस्ता होता.

२ जुलै १८९३ला सकाळी त्याची 'व्हेस्टरॉलेन' ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून सुटली आणि ५ जुलैच्या पहाटे हॅमरफेस्टला लागली. तीन दिवसही पुरते लागले नाहीत. उत्तरेतल्या माणसांना ही बोट जलद का वाटली, ते आता कळलं ना?

आता एक कोडं. हल्ली ही सेवा दोन कंपन्या मिळून चालवतात. उन्हाळा असो की हिवाळा, रोज एक बोट बर्गनहून निघते. जाऊन परत यायला अकरा दिवस लागतात. मग रोज एक बोट सुटायची असेल तर एकूण बोटी किती हव्यात? करा हिशेब. उत्तर शेवटी बघू.

पाऊस, आग आणि दोरीने बांधलेली मुलं

बर्गनला पोचताच छत्री उघडावी लागते. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस तिथे पाऊस पडतो. आपल्या कोकणातला पाऊस चार महिने धो धो कोसळून मोकळा होतो, बर्गनचा मात्र बारा महिने पिरपिर लावतो. बंदराला लागूनच ब्रिगन नावाची जुनी पेठ आहे. लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची रांग एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी आहे. १७०२ साली सगळं जळालं, तेव्हा जुन्याच आराखड्यावर ते पुन्हा बांधलं. शेकडो वर्षं इथे जर्मन व्यापाऱ्यांचा कारभार चालला. उत्तरेतून सुका मासा यायचा आणि त्याच्या बदल्यात धान्य जायचं. व्यापाऱ्यांच्या हाताखाली तुमच्याएवढी उमेदवार मुलं असत. लाकडी घरांना आग लागू नये म्हणून राहत्या भागात शेकोटी नाही, दिवाही नाही. बाहेर बर्फ पडत असताना ही पोरं दारं लावलेल्या कपाटासारख्या पलंगात, एकमेकांच्या उबेने झोपायची. घरापासून इतक्या लांब!

रात्री साडेआठच्या सुमारास बोट सुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑलेसुंड लागतं. हे शहर पाहून वाटतं, कुणीतरी परीकथेतून उचलून आणून ठेवलंय. निमुळते मनोरे, भिंतींवर फुलं, चेहरे, दारावर ड्रॅगन. सगळं गाव एकाच थाटाचं कसं? कारण ते सगळं एकदमच बांधलं गेलं. २३ जानेवारी १९०४च्या रात्री इथे आग लागली. वारा वादळी आणि घरं लाकडाची. सकाळपर्यंत शहर बेचिराख झालं आणि दहा हजार माणसं कडाक्याच्या थंडीत उघड्यावर आली. पण ऐका, मृत्यू एकच झाला. एक म्हातारी सुटली होती, ती पैशाचं पाकीट आणायला परत आत गेली. पुढच्या तीनचार वर्षांत तरुण वास्तुशिल्पींनी दगडविटांचं नवं शहर उभारलं आणि त्या काळी युरोपात ज्या वेलबुट्टीच्या शैलीची फॅशन होती, तिचे सगळे हौसेने केलेले प्रयोग एका गावात जमा झाले. शहरामागच्या टेकडीला ४१८ पायऱ्या आहेत. वर जाऊन खाली पाहिलं की तीन बाजूंनी पाणी आणि मध्ये खेळण्यातलं गाव.

उन्हाळ्याच्या महिन्यांत बोट इथून आत वळते आणि गैरांगर फियोर्डमध्ये शिरते. फियोर्ड म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत असतं. खरं दृश्य त्या ओळीत मावत नाही. हजारो वर्षांपूर्वी इथे बर्फाच्या प्रचंड नद्या होत्या. त्यांनी सरकता सरकता डोंगर खरवडून खोल दऱ्या केल्या. पुढे बर्फ वितळला आणि दरीत समुद्र शिरला. आता दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांवरून पडणारे धबधबे आणि मध्ये आरशासारखं शांत पाणी. 'सात बहिणी' नावाचा एक धबधबा सात धारांनी कोसळतो.

मान वर करून कड्यावर नीट बघा. अर्ध्या उंचीवर, गरुडाने घरटं बांधावं अशा जागी लाकडी घरं दिसतील. तिथे एकेकाळी माणसं शेती करत होती! अंगण म्हणजे दोन हातांची सपाट जागा, खाली थेट समुद्र. म्हणून खेळणाऱ्या लहान मुलांच्या कमरेला दोरी बांधून ठेवायचे. आणखी एक गंमत सांगतात. एका शेतावर जायला मध्येच शिडी चढावी लागे. सरकारी माणूस करवसुलीला आला की घरातले लोक शिडी वर ओढून घ्यायचे!

ट्रॉन्डहाइममध्ये जुनं, भव्य कॅथेड्रल आहे आणि ते पाहायलाच हवं, असं आईबाबा म्हणतील. जरूर पाहा. पण मग त्यांना ब्रुबाकेन नावाच्या चढावर घेऊन जा. तिथे सायकलींची लिफ्ट आहे! १९९३ साली सुरू झालेली अशी ही जगातली पहिलीच. सायकलवर बसायचं, उजवा पाय रस्त्यातल्या छोट्या पायटेकावर ठेवायचा, की ते पायटेक तुम्हाला सायकलसकट १३० मीटर चढ चढवून वर सोडतं. सिंहगडाच्या रस्त्यावर सायकल दामटणाऱ्यांना हे वाचून हेवा वाटेल.

मानेत बर्फ!

चौथ्या दिवशी सकाळी एका लहानशा खडकाळ बेटावर लोखंडी पृथ्वीगोल दिसतो. इथून आर्क्टिक वृत्त सुरू. तुमच्या ॲटलासमध्ये ६६ अंश ३३ मिनिटांवर तुटक रेघ असते ना, तीच. या रेघेच्या वर उन्हाळ्यात निदान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात निदान एक दिवस उगवत नाही. जितकं वर जाल तितके असे दिवस वाढत जातात. बोटीवर या वेळी एक सोहळा असतो. समुद्रदेवाचा वेष केलेला दाढीवाला कर्मचारी डेकवर येतो. ज्यांना हौस आहे त्यांनी पुढे व्हायचं, मान वाकवायची, की तो पळीभर बर्फाचं पाणी खड्यांसकट कॉलरमधून पाठीत ओततो. मोठमोठी माणसं किंचाळत उड्या मारतात. उत्तरेत स्वागत असं होतं!

दुपारी बोडो. या गावाजवळ साल्टस्ट्राउमेन नावाची सामुद्रधुनी आहे. रुंदी फक्त दीडशे मीटर, पण भरतीओहोटीचं सगळं पाणी एवढ्याच वाटेने आत जातं आणि बाहेर येतं. त्यामुळे तिथे समुद्र नदीसारखा धावतो, पाण्यात मोठमोठे भोवरे पडतात. दर सहा तासांनी पाणी दिशा बदलतं, मधली थोडी मिनिटं सगळं शांत. स्थानिक माणसं तेवढ्यात होडी पलीकडे नेतात.

आणि संध्याकाळी क्षितिजावर लोफोटेन बेटं दिसू लागतात. लांबून वाटतं, करवतीचं पातं समुद्रात उभं रोवलंय. इथे थोडं रेंगाळू या.

बारेंट्स समुद्रातले कॉड मासे दर हिवाळ्यात अंडी घालायला शेकडो किलोमीटर पोहत या बेटांपाशी येतात. जानेवारी ते एप्रिल हा मोसम. त्या मागोमाग कोळी येतात, आणि हे हजार वर्षांपासून चाललंय. मीठ न लावता, दोन दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. आपल्याकडे कोळीवाड्यात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालतात ना, तसंच, फक्त मासा हातभर लांब आणि ऊन नाहीच. काम करतो वारा. थंडी इतकी कडक नाही की मासा फुटावा, आणि इतकी कमी नाही की माश्या बसाव्यात. मे महिन्यापर्यंत पाच किलोच्या माशाचा एक किलो होतो आणि लाकडासारखा कडक झालेला तो मासा कित्येक वर्षं टिकतो. बर्गनच्या त्या पेठेतला सुका मासा तो हाच. वास? वासाबद्दल न बोललेलं बरं. तिथले लोक म्हणतात, हा पैशाचा वास आहे.

या माशाचे सगळ्यात मोठे चाहते इटलीत आहेत. त्याची कथा १४३२ सालची. पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज वादळात भरकटलं. छोट्या होड्यांतून जीव वाचवत ते वाहत वाहत उत्तरेला आले. ६८ जणांतले अवघे ११ जिवंत उरले होते. लोफोटेनच्या टोकाच्या रोस्ट बेटावरच्या कोळ्यांनी त्यांना शोधलं, घरी नेलं, तीनचार महिने पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. भाषा एकमेकांची एक अक्षर कळत नव्हती! निघताना पाहुण्यांना शिदोरी म्हणून सुका कॉड मिळाला. रोस्ट आणि इटली यांच्यामधली माशांची ये-जा अजून चालूच आहे.

आता तुमच्यासाठी खास. लोफोटेनमध्ये कॉडची जीभ कापायचं काम मुलांचं. अगदी सहासात वर्षांपासूनची मुलं हे शिकतात. शाळा सुटली की ती गोदीवर येतात, रबरी एप्रन घालतात, माशाचं मुंडकं खिळ्यावर अडकवतात आणि धारदार सुरीने सटकन जीभ वेगळी करतात. (खरं तर ती पुरती जीभ नव्हेच, जबड्याखालचा मांसल भाग तो.) या जिभा विकून आलेला पैसा मुलांचाच, त्यात मोठ्यांनी वाटा मागायचा नाही, असा रिवाज. कुणी त्यातून सायकल घेतं, कुणी शिकायला पैसे साठवतं. मुलांच्या हातात सुरी द्यावी का, असा प्रश्न हे वाचणाऱ्या आईच्या मनात आला असेल. तिथल्या आया म्हणतात, सुरी कशी धरावी हे शिकवलं की झालं.

अंधार पडता पडता बोट ट्रॉलफियोर्डच्या तोंडाशी येते. हे तोंड फक्त शंभर मीटर रुंद. एवढीशी फट आणि एवढी मोठी बोट! हवा ठीक असेल तर कप्तान आत घुसतो आणि टोकाला जाऊन बोट जागच्या जागी गोल फिरवतो. डेकवरचा प्रत्येक जण श्वास रोखून बघतो. १८९० साली इथे लढाई झाली होती. सैनिकांची नव्हे, कोळ्यांची. फियोर्डमध्ये मासळीचे थवेच्या थवे अडकले होते आणि आगबोटींच्या श्रीमंत मालकांनी तोंडाशी जाळी लावून वाट बंद केली. वल्ह्यांच्या होड्यांतले गरीब कोळी चिडले आणि सगळे मिळून आगबोटींवर चालून गेले. जिंकले ते वल्हेवाले. समुद्रातला मासा कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न मात्र आजही जगातल्या प्रत्येक बंदरात धुमसतो आहे. आपल्याकडे पर्ससीन जाळ्यांवरून कोळ्यांमध्ये काय वाद चालतो, ते घरी विचारा.

मध्यरात्रीनंतर बोट स्टॉकमार्कनेसला लागते. हो, रिचर्ड विथचं गाव. इथल्या संग्रहालयात 'फिनमार्कन' ही १९५६ सालची अख्खी बोट जमिनीवर आणून ठेवली आहे. तिच्याभोवती २०२१ साली काचेची इमारत बांधली. परतीच्या वाटेवर बोट इथे दिवसा थांबते, तेव्हा बघता येईल. आता झोपा.

सूर्य परत येतो तेव्हा

ट्रॉम्सो हे आर्क्टिक वृत्ताच्या वरचं चांगलं मोठं शहर. विद्यापीठ आहे, दुकानं आहेत, कॉलेजच्या मुलांची गर्दी आहे. इथे २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. रात्री बारा वाजता लोक अंगणातलं गवत कापतात! आणि २७ नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. म्हणजे चोवीस तास काळोख असं समजू नका. दुपारी दोनतीन तास निळसर उजेड असतो, पहाट होता होता थांबल्यासारखा. त्या काळात आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण शंभर किलोमीटरहून उंचावरच्या हवेला धडकतात, ऑक्सिजन हिरवा चमकतो आणि अख्ख्या आकाशात हिरवे पडदे हलू लागतात. आवाज काही नाही. गर्दी मात्र एकदम गप्प होते.

२१ जानेवारीच्या सुमारास दुपारी डोंगराच्या फटीतून सूर्याची कड दिसते, तेव्हा ट्रॉम्सोत सणच असतो. जॅम भरलेले गोल तळलेले पाव खायचे, मुलांनी सूर्य बघायला बाहेर पडायचं. आपण उन्हाला कंटाळतो. तिथे त्याच्या पहिल्या किरणासाठी पाव तळतात.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. इतक्या उत्तरेला समुद्र गोठत कसा नाही? कारण अटलांटिक महासागरातून उबदार पाण्याचा एक प्रवाह थेट या किनाऱ्यापर्यंत येतो. तो नसता तर ना बंदरं वर्षभर उघडी राहिली असती, ना आपली बोट बारा महिने धावली असती.

पुढे फिनमार्क प्रांत लागतो आणि झाडं संपतात. उघडेबोडके डोंगर, किनाऱ्याला रेनडिअर. गावातली घरं नवी, साधी, एकसारखी. जुनं काहीच का दिसत नाही? १९४४च्या शरद ऋतूत मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने हिटलरच्या हुकुमावरून इथलं घर न् घर जाळलं. गोठे, शाळा, दवाखाने, धक्के, सगळं. सुमारे पन्नास हजार माणसांना जबरदस्तीने दक्षिणेला हाकललं. अनेक जण डोंगरातल्या गुहांत, उलट्या होड्यांखाली लपले आणि तसाच हिवाळा काढला. हॅमरफेस्टमध्ये दफनभूमीतली प्रार्थनेची छोटी इमारत तेवढी वाचली, होनिंग्सवॉगमध्ये एक पांढरं चर्च. युद्ध संपल्यावर "परत येऊ नका, घरं नाहीत" असं सरकार सांगत होतं. माणसं ऐकतात थोडीच! ती आली. होनिंग्सवॉगला परतलेल्यांनी आधी त्या चर्चमध्येच संसार थाटले आणि मग एकेक घर उभं केलं. हे चर्च आजही बंदरातून दिसतं. बहुतेक प्रवासी मात्र इथे उतरून बसने नॉर्डकापला पळतात, ३०७ मीटर उंच कडा बघायला. कडा जबरदस्तच आहे. तरी जाताजाता त्या चर्चकडे एकदा मान वळवावी.

रात्री बर्लेवॉग. हे गाव उघड्या महासागराच्या तोंडाशी. पूर्वी इथे बोट धक्क्याला लागूच शकत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि माणसं, गुरं, सामान होड्यांतून न्यायचे. तुमच्या आजोबांना विचारा, मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटीतून ते असेच पडावात उतरले असतील. बर्लेवॉगला लाटा अडवायला बांध घातले की वादळ ते फोडून टाकायचं, पुन्हा पुन्हा. शेवटी काँक्रीटचे चार पायांचे, पंधरा पंधरा टनांचे ठोकळे एकमेकांत अडकवून बांध घातला आणि १९७०च्या दशकात बोट प्रथमच धक्क्याला लागली. ठोकळे ओळखीचे वाटतात? मुंबईच्या मरीन ड्राइव्हला समुद्राच्या कडेने पडलेले असतात ना, तेच टेट्रापॉड!

बोट हवी की नको?

बोटीवर आता थोडं इकडेतिकडे बघू. खिडकीशी बसलेले जर्मन, इंग्लिश पर्यटक कॅमेरे सरसावून आहेत. तुम्ही वाफल खा, त्यावर तपकिरी चीजचा काप घालून. आपण खवा आटवतो तसं हे चीज दुधाची निवळी तासन् तास आटवून करतात, म्हणून ते गोडसर लागतं. कोपऱ्यातली ती बाई मात्र बाहेर बघत नाही, विणत बसली आहे. ती इथलीच. केबिन घेतलेली नाही, पुढच्याच बंदरात उतरणार. खाली पोटात माल आहे: मासळीची खोकी, यंत्रांचे सुटे भाग, दुकानांचं सामान. आपल्या एसटीच्या टपावर काय काय असायचं, आठवतंय?

आता रस्ते झाले, बोगदे झाले, लहान गावांतही विमानं उतरतात. मग सरकारने पैसे घालून रोज बोट का चालवावी, असा वाद नॉर्वेत अधूनमधून होतो. पर्यटकांसाठी तिकिटं महाग, सोयी आलिशान. ही आता गावकऱ्यांची बोट उरली का, असंही लोक विचारतात. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण बर्फाच्या वादळात रस्ता बंद होतो, विमान रद्द होतं आणि तेव्हा धक्क्यावर भोंगा वाजतो, हेही तितकंच खरं.

धुराचाही प्रश्न आहे. गैरांगरच्या अरुंद दरीत जहाजांचा धूर साचून राहतो, म्हणून जागतिक वारसा असलेल्या फियोर्डमध्ये बिनधुराच्याच बोटी येऊ द्यायच्या, असं तिथल्या संसदेने २०१८ साली ठरवलं. छोट्या बोटींना आधी, मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत. ताफ्यातल्या नव्या चार बोटी नैसर्गिक वायूवर चालतात आणि त्यांच्या पोटात प्रचंड बॅटऱ्या आहेत. इंजिन बंद करून चार तासांपर्यंत त्या नुसत्या विजेवर जाऊ शकतात. तेव्हा धबधब्याचा आवाज डेकवर स्पष्ट येतो.

आणि नॉर्वेच्या लोकांना ही बोट किती आवडते, त्याचा पुरावा पाहा. जून २०११मध्ये तिथल्या सरकारी दूरदर्शनने बर्गन ते किर्कनेस हा सगळा प्रवास थेट दाखवला. सलग १३४ तास! ना नट, ना गोष्ट, नुसती बोट चाललेली. कोण बघणार, असं वाटलं असेल. देशातल्या निम्म्याहून अधिक माणसांनी तो थोडा तरी पाहिला. लोक टीव्ही बघता बघता उठले आणि झेंडे घेऊन किनाऱ्यावर आले. छोट्या होड्या बोटीमागे धावल्या, मुलांनी फलक धरले, कुठे बँड वाजले. आपल्या आईने हात केलेला टीव्हीवर दिसतोय का, ते घरात बसलेली पोरं शोधत होती.

सातव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास किर्कनेस. इथून रशियाची हद्द हाकेच्या अंतरावर. नकाशात पुन्हा बघा, हे गाव इस्तंबूलपेक्षाही पूर्वेला आहे! दुसऱ्या महायुद्धात या एवढ्याशा गावावर तीनशेहून अधिक हवाई हल्ले झाले. १९४४च्या ऑक्टोबरात घरं जळत असताना जवळच्या ब्यॉर्नेवात्नच्या लोखंडाच्या खाणीत सुमारे तीन हजार माणसं जाऊन राहिली. त्यांच्यासोबत गुरंढोरंही होती. त्या बोगद्याच्या अंधारात दहा बाळं जन्माला आली.

बोट इथे तीन साडेतीन तास थांबते आणि उलट फिरते. जाताना जी बंदरं रात्री झोपेत गेली, ती येताना उजेडात भेटतात. टोरगहाटन तर चुकवू नकाच. या डोंगराला आरपार भोक आहे, १६० मीटर लांब! लाटांनी आणि बर्फाने पोखरलं, असं भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात. गोष्ट सांगणारे म्हणतात, एका सुंदर मुलीच्या मागे लागलेल्या घोडेस्वार राक्षसाने बाण मारला, ते पाहून राजाने आपली टोपी मध्ये भिरकावली, बाण टोपीतून आरपार गेला, तेवढ्यात सूर्य उगवला आणि सगळे दगड झाले. टोपी तीच ही.

त्याच भागात वेगा बेटं आहेत. तिथली माणसं आयडर जातीच्या रानबदकांसाठी दरवर्षी छोटी घरं बांधतात, आत वाळलेलं शेवाळ पसरतात आणि उन्हाळाभर कुत्री बांधून, आवाज न करता पहारा देतात. बदकीण छातीची मऊ पिसं घालून घरटं करते. पिल्लं घेऊन ती समुद्रात गेली की माणसं ती पिसं गोळा करतात. किलोभर पिसांना साठेक घरटी लागतात, त्यामुळे एक दुलई भरायला एका कुटुंबाचे बरेच दिवस जातात. पुढच्या वर्षी बदकं आली नाहीत, तर दुलई नाही.

बाराव्या दिवशी दुपारी बोट बर्गनला लागते. बहुतेक पाऊसच असतो. प्रवासी उतरतात, चादरी बदलतात, खोकी चढतात. कोड्याचं उत्तर अकरा, बरं का. आणि त्या अकरातली हीच बोट रात्री साडेआठला पुन्हा उत्तरेकडे सुटते.